जुन्या इंजिनाचा डोकं खाल्लेला स्क्रू: केसिंग न फोडता कसा काढायचा

आरएक्स १००चं क्लच कव्हर असो, येझदीचं मॅग्नेटच्या बाजूचं झाकण असो की बुलेटचं टायमिंग कव्हर, सगळे स्क्रू निघतात आणि एक राहतो. बहुधा तो खालच्या बाजूचा असतो, जिथे चिखल-पाणी साचून राहतं. ड्रायव्हर एकदा घसरतो, दुसऱ्यांदा घसरतो, तिसऱ्यांदा खाचेतून चकचकीत कीस बाहेर येतो. इथे हात थांबवा. या घटकेला तो स्क्रू अजून सहज निघण्यासारखा असतो. आणखी चार वेळा घसरला की नसतो.

स्क्रू काही रुपयांत मिळतो. मूळ केसिंग मिळाली तर नशीब, आणि मिळाली तरी तिच्यावर जुळणारा इंजिन नंबर नसतो. म्हणून या कामात क्रमाला महत्त्व आहे. ज्या उपायाने काहीच बिघडत नाही तो आधी करायचा. ज्यानंतर मागे फिरता येत नाही तो शेवटी. पुढची मांडणी त्याच क्रमाने आहे. मधल्या दोन पायऱ्या गाळून थेट ड्रिल मशीन हातात घेण्याचा मोह होतो, पण बहुतेक केसिंग त्याच मोहापायी जातात.

अडकलंय नेमकं कुठे

अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये लोखंडी स्क्रू असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, एवढं मिळालं की अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे आट्यांमधल्या फटी गच्च भरतात. गोव्यात याला काही कमी नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, वर दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उडणारं पाणी. पावसाळाभर बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, झाकून ठेवलेली आणि गणेश चवथीच्या तोंडावर बाहेर काढलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त अडते. रोजच्या गाडीचं इंजिन तापतं आणि ओल उडून जाते, झाकलेल्या गाडीत ती मुरते.

पण आटे हे अडकण्याचं एकच ठिकाण. दुसरं ठिकाण म्हणजे डोक्याच्या खालची बाजू. डोकं कव्हरवर दाबून बसलेलं असतं आणि तिथे गंज किंवा भुकटी धरली की तेच मुख्य कुलूप होतं. स्क्रू ‘टक्’ असा आवाज करून सुटला आणि मग बोटांनी फिरला, तर तो डोक्याखाली धरलेला होता. अर्धा फेरा फिरून पुन्हा जड झाला, तर आटे भरलेत. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे डोकं उडवायची वेळ आली की त्याचाच आधार आहे.

ड्रायव्हर बरोबर आहे का

जपानी घडणीच्या इंजिनांवर, म्हणजे आरएक्स १०० किंवा राजदूत ३५०वर, जे चौफुली खाचेचे स्क्रू असतात ते दिसायला फिलिप्स असले तरी जपानी मापाचे, जेआयएस असतात. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका कोरलेला असतो, तीच खूण. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्या खाचेत तळापर्यंत जात नाही, वरच्या कडांवरच टेकतो. जोर दिला की वर उसळतो आणि कडा खरवडतो. म्हणजे पुष्कळ वेळा गंजाचा दोष कमी आणि ड्रायव्हरचा जास्त.

आकाराची चूक तर याहून सर्रास होते. ६ मिमीच्या स्क्रूला ३ नंबरचं टोक लागतं, ५ मिमीपर्यंतच्या स्क्रूला २ नंबरचं. घरोघरी असतो तो २ नंबरचा ड्रायव्हर, आणि इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू ६ मिमीचे. २ नंबरचं टोक आत डगमगतं आणि दोन प्रयत्नांत खाचेचा गोल खड्डा होतो. ड्रायव्हर घालून हात सोडा. तो सरळ उभा राहिला आणि हलवल्यावर खुळखुळला नाही, तरच ते माप तुमचं. व्हेसल या जपानी कंपनीचे जेआयएस ड्रायव्हर ऑनलाइन मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर चांगल्या पोलादाचं ३ नंबरचं बिट घेऊन त्याचं अगदी टोक ग्राइंडरवर अर्धा मिमी घासा. मग ते खाचेत खोल बसतं.

जावा-येझदीवर सपाट खाचेचे उंच डोक्याचे स्क्रू असतात. त्यांची खाच साधारण १.६ मिमी रुंद आणि डोकं १० मिमी व्यासाचं. बाजारातल्या सपाट ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, म्हणून तेही वर उसळतं. टोकाच्या दोन्ही बाजू शेवटच्या ३-४ मिमीपर्यंत कानशीने समांतर करा आणि जाडी खाचेत घट्ट सरकेल एवढी ठेवा. रुंदी डोक्याएवढी असू द्या, जास्त नको. जास्त झाली की कव्हरवर ओरखडा उमटतो. दांडा षटकोनी असेल तर त्यावर पाना लावता येतो. एका हाताने दाब आणि दुसऱ्या हाताने पाना, हा जोर नुसत्या मुठीच्या जोराहून कितीतरी जास्त.

सुरुवातीची साफसफाई

स्क्रूभोवतीची घाण रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढा. खाचेत बसलेला चिखल, रंग आणि ग्रीस जाड सुईने किंवा टोकदार पोकरने तळापर्यंत खरवडा. खाचेत अर्धा मिमी घाण राहिली तरी ड्रायव्हर अर्धा मिमी वर राहतो. मागच्या कुणी तरी गाडी रंगवताना स्क्रूवरही रंग मारला असेल, तर डोक्याच्या कडेने ब्लेड फिरवून तो कापा.

निघालेले स्क्रू पुठ्ठ्यावर लावा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी भोक पाडून खोचायचा. लांबी वेगवेगळी असते. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो आत टेकतो आणि मागून बॉसला, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो त्या केसिंगच्या उंचवट्याला, तडा देतो. अडकलेल्या स्क्रूची लांबी किती असावी याचा अंदाजही या पुठ्ठ्यावरूनच येतो.

तेल, आणि वाट पाहणं

डब्ल्यूडी-४० प्रत्येकाकडे असतं, पण गंजात शिरायला ते फार चांगलं नाही. पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून जे विकतात ते बरं. घरगुती तोड हवी असेल तर अॅसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, निम्मं-निम्मं मिसळा. लगेच वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून मगच थेंब सोडा. अॅसिटोन रंग खातं आणि झटकन पेट घेतं, तेव्हा टाकीपासून दूर आणि उघड्यावर काम करा. पुढे गरम करायचं असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्या.

दोन-तीन थेंब टाका, डोक्यावर बोथट पंच ठेवून आठ-दहा हलके टोले द्या, पुन्हा थेंब. टोल्यांनी भुकटीला केसाएवढ्या भेगा पडतात आणि तेल त्यांतून उतरतं. नुसतं तेल ओतून ठेवलं तर डोक्याखालची बंद फट त्याला आत जाऊ देत नाही. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा आणि सकाळी प्रयत्न. घाई नसेल तर दोन रात्री द्या.

इम्पॅक्ट ड्रायव्हर

या सगळ्या कामात एकच अवजार विकत घ्यायचं असेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. म्हापशात किंवा मडगावात हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो. सोबत आलेली बिटं बहुधा मऊ असतात, म्हणून ३ नंबरचं चांगलं बिट वेगळं घ्या. हातोडीचा टोला पडला की ड्रायव्हर एकाच वेळी स्क्रूला खाली दाबतो आणि थोडासा फिरवतो. खाली दाबल्यामुळे टोक उसळत नाही. शिवाय त्या धक्क्याने डोक्याखालचं कुलूपही तुटतं.

ठोकण्याआधी ड्रायव्हर सोडवण्याच्या दिशेला लावलाय का ते हातात धरून फिरवून बघा. कित्येक स्क्रू उलट्या दिशेला ठोकून ठोकून आणखी कसले जातात. बिट खाचेत घालून हातोडीने एक-दोनदा हलकं बसवा, म्हणजे चुरगळलेल्या कडांतही ते तळ गाठेल. मग ड्रायव्हर मुठीत धरून डावीकडे पिळून ठेवा, तो पिळलेला असतानाच टोला पडला पाहिजे. सैल धरला तर सगळा जोर आतल्या स्प्रिंगमध्येच जिरतो.

हातोडी ५०० ग्रॅम ते १ किलोची. हलक्या हातोडीच्या वीस टोल्यांनी खाच झिजते, जड हातोडीच्या एका सरळ टोल्याने स्क्रू सुटतो. टोला दांड्याच्या रेषेत हवा, तिरका बसला की बिट निसटतं. गाडी मुख्य स्टँडवर, इंजिन फ्रेममध्येच असू द्या. टेबलावर ठेवलेलं सुटं इंजिन टोल्यासरशी हलतं आणि अर्धा जोर वाया जातो. चार-पाच चांगल्या टोल्यांत काहीच हललं नाही तर एकदा दिशा बदलून कसण्याच्या बाजूला एक टोला द्या, मग परत सोडवण्याच्या. इकडून-तिकडे हललं की भुकटी फुटते.

तीन जागी मात्र हे अवजार वापरू नका. कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू: तिथली धातू ठिसूळ, तडकते. मॅग्नेट प्लेटचे स्क्रू: शेजारी क्रँकचं टोक असतं, आणि टू-स्ट्रोकचा क्रँक दाबून जुळवलेला असल्यामुळे त्यावर बसलेला एक चुकीचा टोला त्याची सरळ रेषा बिघडवतो. आणि बाहेर झुकलेले, मागे पोकळ असलेले पातळ कान. या ठिकाणी योग्य ड्रायव्हर, ऊब आणि सबुरी एवढ्यावरच भागवा.

खाच गेलीच असेल तर

खाचेचा वाडगा झालाय पण थोड्या कडा आहेत, अशा वेळी बोथट पंचाने डोक्याच्या माथ्यावर, खाचेच्या काठाने ठोका. बाहेर लोटलेली धातू आत सरकते आणि खाच अरुंद होते. आता बिट ठोकूनच आत घाला, त्याला नवीन पकड मिळते. टोकाला चिमूटभर वॉल्व घासायची पेस्ट, म्हणजे वॉल्व बसवताना वापरतात ती कार्बोरंडमची, लावली तर तिचे कण दोन्हीकडे रुततात. काम झाल्यावर ती पेस्ट रॉकेलने कणनकण पुसा, इंजिनात गेली तर बेअरिंगही तशीच घासेल. रबरबँड घालून फिरवायचा सल्ला जिकडे तिकडे वाचायला मिळतो, तो लाकडी कपाटाच्या स्क्रूसाठी ठीक आहे.

यानेही जमलं नाही तर छिन्नी. पसरट डोक्याच्या स्क्रूवर हा उपाय फार गुणाचा आहे आणि जुने मेस्त्री अजूनही सगळ्यात आधी हाच करतात. ६ ते ८ मिमी रुंदीची धारदार छिन्नी डोक्याच्या बाहेरच्या कडेवर उभी धरा आणि एका टोल्यात खोल खूण पाडा. मग त्याच खुणेत छिन्नी आडवी कलती करा, स्क्रू डावीकडे फिरेल अशा बाजूने, आणि कडेला स्पर्शरेषेत ठोका. मध्याकडे ठोकलं तर नुसतं डोकं चेपतं. कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर हीच तुमची तरफ आहे. छिन्नी निसटली तर कव्हरला घाव बसेल, म्हणून स्क्रूभोवती पातळ पत्र्याचा तुकडा भोक पाडून ठेवा. आत बुडलेल्या, खोबणीतल्या डोक्याला छिन्नी लागत नाही, तिथे वेळ घालवू नका.

उंच डोक्याच्या स्क्रूला नवीन खाच कापता येते. हॅकसॉच्या पात्याने किंवा बारीक कटिंग चकतीने डोक्याच्या मध्यातून १.५ ते २ मिमी खोल. येझदीचं डोकं साधारण ४ मिमी उंच असतं, त्यात २ मिमीची खाच चालते. त्याहून खोल गेलात तर पिळताना डोकं दोन फाकांत तुटतं. खाच कापल्यावर वर सांगितलेला समांतर टोकाचा ड्रायव्हर, पाना लावून.

डोक्याच्या कडेला पकड बसत असेल तर वाईस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड, तीही बघा. जबडा नवा आणि दातेरी हवा. गुळगुळीत झालेली जुनी ग्रिप डोकं गोल करते, पुढे छिन्नीलाही जागा उरत नाही.

ऊब

तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दर अंशाला अॅल्युमिनियम दशलक्षात २३ भाग, पोलाद १२. १०० अंश तापमान वाढलं तर ६ मिमीच्या भोकात ६-७ मायक्रॉनची फट वाढते. ऐकायला क्षुल्लक, पण भुकटीची पकड मोडायला तेवढी पुरते.

आधी टाकी उतरवा, पेट्रोलची नळी काढा, कार्ब्युरेटर शेजारी असेल तर तोही बाजूला ठेवा. हॉट एअर गन स्क्रूवर नको, भोवतालच्या केसिंगवर गोल फिरवत दोन-चार मिनिटं धरा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र करून उडाला की १०० अंश ओलांडले. तिथे थांबा आणि लगेच इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. शेजारी ऑइल सील असेल तर याहून पुढे जाऊ नका, साधं नायट्रिल रबर त्यापुढे कडक होऊन फाटतं. मॅग्नेट कव्हरमागे वायरी असतात, त्याचंही भान ठेवा. ब्लो लॅम्प किंवा गॅसची उघडी ज्योत वापरू नका, ती एकाच जागी धातू भाजते आणि कव्हर वाकडं होतं.

स्क्रू गरम असतानाच मेणबत्तीचा तुकडा डोक्याच्या कडेला टेकवा. मेण पातळ होऊन फटीत ओढलं जातं आणि गार झाल्यावरही आत राहतं. कधी कधी तेलाने न झालेलं काम याने होतं.

नट वेल्ड करणं

डोकं गुळगुळीत गोळा झालं असेल तर ८ मिमीचा नट त्यावर ठेवून आतून वेल्ड भरून घ्यायचा. पोलादाचा वेल्ड अॅल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून केसिंगला धोका कमी. शिवाय वेल्डची धग स्क्रूतून थेट आट्यांपर्यंत पोचते. मिग किंवा आर्गन वेल्डिंग करणारा गाठा. जेटीवर ट्रॉलरची कामं करणारे वेल्डर हाताने तयार असतात, पण त्यांची सवय जाड पत्र्याची आणि जाड रॉडची. त्यांना करंट कमी ठेवून दोन-तीन सेकंदांचे छोटे टाके मारायला सांगा.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. आरएक्ससारख्या सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेल्या गाडीत सीडीआयचा कपलरही काढा. अर्थची क्लिप शक्य तितकी स्क्रूजवळ, त्याच कव्हरवर लावा. चाकाला किंवा हँडलला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यावर डाग पाडतो. वेल्ड झाल्यावर लाली जाऊ द्या, मिनिटभर थांबा आणि कोमट-गरम असतानाच पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे हलवा. नट तुटून निघाला तर हार मानू नका, दुसरा लावा. दर खेपेला तापून गार होण्यात पकड आणखी सैल होते.

डोकं उडवणं

इथून पुढे मागे फिरणं नाही, पण हा उपाय दिसतो तितका भयंकर नाही. कव्हर धरून ठेवलंय ते डोक्याने. डोकं गेलं की कव्हर निघतं आणि ताण संपतो, उरलेला दांडा केसिंगबाहेर डोकावत राहतो. तो कव्हरच्या जाडीएवढा, बहुधा १० मिमीच्या आसपास असतो. डोक्याखालचं कुलूप गेल्यामुळे पुष्कळदा हा दांडा वाईस ग्रिपने, कधी तर बोटांनी निघतो.

सेंटर पंचाने डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण करा. चौफुली खाच असेल तर तिचा तळच वाट दाखवतो. आधी ३ मिमीचं ड्रिल, मग ४.५, मग ६ ते ६.५ मिमी. मशीन हळू फिरवा आणि दर काही सेकंदांनी तेलाचा थेंब द्या. निळसर कीस निघाला तर वेग जास्त आहे. खोली डोक्याच्या उंचीएवढीच हवी, म्हणून ड्रिलला चिकटपट्टीचा झेंडा लावून ती आखून घ्या. शेवटी डोकं ड्रिलबरोबर गरगरायला लागतं आणि अंगठीसारखं वर येतं. तेवढ्यावर थांबा, खाली रेटलं तर कव्हरचं भोक मोठं होतं.

ज्या स्क्रूचं डोकं उडवायचंय तो सोडून बाकीचे सगळे आधी काढा, पण शेजारचे दोन हलके बोटाने लावून ठेवा, नाहीतर कव्हर ड्रिलबरोबर हलतं. कव्हर निघत नसेल तर फटीत ड्रायव्हर घालून उचकटू नका. पॅकिंगची जागा खरचटली की पुढे आयुष्यभर तेल गळतं. रबरी हातोडीने कडेने ठोका. जुन्या बुलेटच्या प्रायमरी कव्हरला तर मुळी एकच मधला नट असतो, तिथे भोवती स्क्रू शोधत बसायची गरज नाही.

केसिंगच्या पातळीला मोडला तर

आता लागते ती अचूकता. ६ मिमीच्या स्क्रूच्या मध्यातून भोक जरा जरी सरकलं तर ड्रिल पोलाद सोडून मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसतं. यावर एक चांगली युक्ती आहे. लेथवाल्याकडून बाहेरून कव्हरच्या भोकात घट्ट बसणारी आणि आतून ३ मिमी भोकाची छोटी बुश करून घ्या. कव्हर बाकीच्या स्क्रूंनी परत बसवा, बुश त्या भोकात घाला आणि तिच्यातूनच ड्रिल करा. डॉवेल पिनांमुळे, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांमुळे, कव्हर जागच्या जागी बसतं, म्हणून भोकही मध्यावरच पडतं.

ड्रिल डाव्या फिरकीचं मिळालं तर उत्तम, मशीन उलटं फिरवायचं. बऱ्याचदा ३ किंवा ४ मिमीला पोचेपर्यंत तुकडा आपोआप उलटा फिरून वर येतो. नाही आला तर ५ मिमीपर्यंत जा. हे ६ मिमीच्या आट्यांचं मूळ ड्रिलमाप आहे, त्यामुळे स्क्रूची फक्त स्प्रिंगसारखी गुंडाळी आट्यांत उरते. ती टोकदार पोकरने सोलून काढा आणि शेवटी ६ × १ चा (६ मिमी व्यास, १ मिमी अंतर) आटे पाडायचा टॅप हाताने फिरवा.

तुटलेल्या स्क्रूत भोक पाडून त्यात उलटं फिरवत रुतवायचं निमुळतं अवजार, म्हणजे ईझी-आउट, यावर आमचा विश्वास कमी. निमुळतं टोक स्क्रूला आतून फुगवतं, म्हणजे अडकलेला स्क्रू आणखी आवळला जातो. वर ते इतकं कडक पोलाद असतं की तुटलं तर साधं ड्रिल त्याला शिवतही नाही. मग स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या, मशीनशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यासाठी वेर्णा-कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतीत टूलरूम शोधत फिरावं लागतं. सैल झालेल्या तुकड्याला वर आणायला ईझी-आउट ठीक, अडकलेल्याला नको.

ड्रिल करताना इंजिनाचं तोंड चिंध्यांनी बंद करा. ड्रिल आणि टॅपला ग्रीस लावा, म्हणजे कीस चिकटून बाहेर येतो. अॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, तेव्हा नंतर रॉकेलने धुऊन तेल बदलाच.

आटे गेले असतील

हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घाला. ६ × १ साठी ६.३ मिमीचं ड्रिल, संचातला खास टॅप आणि ९ मिमी लांबीची कॉइल. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवा, वर राहिली तर कव्हर पूर्ण टेकत नाही. खालची शेपटी पंचाने तोडा आणि ती बाहेर आली याची खात्री करा. स्टेनलेसची असल्याने तीही चुंबकाला नीट लागत नाही, आणि क्रँककेसमध्ये राहिली तर गिअरमध्ये सापडेल. ‘८ मिमीचा टॅप मारून टाक’ हा रस्त्यावरचा इलाज टाळा. जुन्या केसिंगचे बॉस बारीक असतात, ६.८ मिमीचं भोक पडलं की भिंत कागदाएवढी उरते.

बुलेटवाल्यांनी आटे आधी मापून घ्यावेत. जुन्या बुलेटमध्ये इंची आटे भेटतात. पाव इंची स्क्रूला इंचाला २६ आटे, म्हणजे अंतर जवळजवळ ०.९८ मिमी, आणि ६ मिमीच्या मेट्रिकला १ मिमी. अंतर इतकं जवळ आहे की ६ मिमीचा स्क्रू त्या भोकात गोडीगुलाबीने जातो, बसल्यासारखाही वाटतो. पण व्यासात ०.३५ मिमीचा फरक असतो. तो आट्यांच्या नुसत्या टोकांवर लटकतो आणि कसताना सगळे आटे घेऊन बाहेर येतो. ‘बुलेटचे आटे कच्चे’ ही ओरड बऱ्याच अंशी या अदलाबदलीतून आली आहे.

नवीन स्क्रू बसवताना

खाचेच्या स्क्रूंऐवजी एलन बोल्ट लावले तर पुढच्या वेळी सोपं जातं. मूळ रूप जपायचं असेल तर खाचेचेच लावा, पण नवे. स्टेनलेस दिसायला छान, पण खाऱ्या हवेत ते अॅल्युमिनियमला साध्या पोलादापेक्षाही जास्त खाऊ शकतं. म्हणून स्टेनलेस लावताना प्रत्येक आट्यावर अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणून लावायचं धातूमिश्रित ग्रीस, हवंच. निकेलचं मिळालं तर ते घ्या, किनाऱ्याजवळ तांब्याच्या ग्रीसपेक्षा बरं. थर पातळ ठेवा. बंद भोकात ग्रीस किंवा तेल साचलेलं असेल तर स्क्रू आत जाताना त्याचा दाब बॉसला तडकवतो, म्हणून भोक आधी हवेने फुंकून कोरडं करा.

आट्यांत किमान ९ मिमी, जमल्यास १२ मिमी पकड हवी. सगळे स्क्रू आधी बोटांनी टेकवा, मग समोरासमोरचे आलटून पालटून कसा. ६ मिमीला अॅल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. अँटी-सीझ लावलं असेल तर ७ ते ८. टॉर्क रेंच नसेल तर एलन कीचा लांब दांडा भोकात घाला आणि आखूड बाजूने कसा, त्या बाजूने हाताला जास्त जोर मिळतच नाही. पाइप लावून कसलेला ६ मिमीचा बोल्ट आज नाही तर उद्या आटे घेऊनच येईल.

एकदा इंजिन पूर्ण तापवा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी परत टॉर्क तपासा. नवीन पॅकिंग दबलेलं असतं, एक-दोन स्क्रू थोडे फिरतील. बाकीच्या कव्हरांचे जुने स्क्रूही मे महिन्यातच, पाऊस लागायच्या आत, एकेक करून सोडवून अँटी-सीझ लावून परत बसवा. सगळे एकदम काढू नका, नाहीतर पॅकिंग सुटेल. एक काढायचा, साफ करायचा, लावायचा, मग दुसरा.